'बॅली' दिसलं की 'गाव' असा अर्थ लावू नका

आज आयर्लंडचा नकाशा घेऊन बसलो होतो. तिथल्या गावांच्या इंग्रजी स्पेलिंगवरून अर्थ काढला, तर हमखास चकवा लागतो. 'बॅली' बहुतेकदा 'बालि' या आयरिश शब्दावरून येतं, म्हणजे वस्ती. अँट्रिम काउंटीतलं बॅलिमीना म्हणजे मधलं गाव. पण मेयो काउंटीतलं बॅलिना मुळात 'बेल अन आहा', म्हणजे उताराचं मुख. नदी पायी ओलांडायची जागा.

'किल'चं दुखणं आणखी मोठं. 'किल' म्हणजे चर्च आणि 'कुइल' म्हणजे रान. इंग्रजीत दोन्ही जवळजवळ सारखेच लिहिले गेले. किलडेअर म्हणजे ओकच्या झाडाचं चर्च, तर कायलमोर म्हणजे मोठं रान. तिथे आज प्रसिद्ध मठ आहे, म्हणून नावात चर्च शोधायला गेलात तर फसाल. मठ 1920 मधला, नाव त्याहून कितीतरी जुनं.

हा गोंधळ ऑर्डनन्स सर्व्हेच्या, म्हणजे ब्रिटिश सरकारच्या नकाशे-मोजणीच्या काळात कायम झाला. 1824 मध्ये हे काम हाती घेतलं गेलं, पुढे मैलाला सहा इंच या प्रमाणात नकाशे निघाले आणि त्यावरची स्पेलिंगं पक्की झाली. तरी याच सर्व्हेत काम करणारे आयरिश भाषेचे अभ्यासक जॉन ओडोनोव्हन यांचे उपकार मानायला हवेत. गावोगाव फिरून, आयरिश बोलणाऱ्यांचे उच्चार ऐकून त्यांनी मूळ रूपं टिपली.

म्हणून आधी 'लॉगएनम' या सरकारी डेटाबेसमध्ये आयरिश रूप बघा, मग जुन्या दस्तऐवजांतली स्पेलिंगं, शेवटी जमीन. नदीच नसेल तर 'उतार' हा अर्थ संशयास्पदच. आणि वॉटरफर्ड, वेक्सफर्डमधला 'फर्ड' आयरिश नाहीच. तो व्हायकिंगांचा 'फ्योर्ड', म्हणजे खाडी.