लिस्बन : भूकंपानंतर पुन्हा मांडलेली राजधानी

लिस्बनला आमच्याकडे येणारे पाहुणे आधी शहराचा नदीकाठचा बेलें भाग पाहायला निघतात. मी मात्र त्यांना प्रथम कार्मोच्या मठात नेते, कारण या शहराचा स्वभाव तिथे लवकर कळतो. १७५५ च्या भूकंपात छप्पर गमावलेल्या त्या चर्चच्या दगडी कमानी आजही आभाळाखाली उभ्या आहेत.

तेजो नदीच्या मुखाजवळची ही वस्ती फिनिशियन व्यापाऱ्यांच्या काळापासूनची. पुढे रोमन आले, मग चार शतकांहून अधिक काळ मुसलमानी राजवट होती, आणि ११४७ मध्ये अफोन्सो हेन्रिक्स या राजाने वेढा घालून शहर जिंकले. त्या मुसलमानी काळाच्या खुणा आल्फामा या जुन्या भागाच्या अरुंद, चढउताराच्या गल्ल्यांत अजून सापडतात.

१ नोव्हेंबर १७५५ रोजी सकाळी, सर्व संतांच्या सणानिमित्त चर्च भाविकांनी भरलेली आणि मेणबत्त्या तेवत असताना, भूकंप झाला. जीव वाचवून नदीकाठी धावलेल्यांवर त्सुनामी कोसळली आणि उरलेले शहर कित्येक दिवस जळत राहिले. नदीकाठचा राजवाडा गेला, त्यातील ग्रंथालय गेले, आणि पूर्वेकडील व्यापाराचा कारभार पाहणाऱ्या ‘काझा दा इंडिया’चे दप्तरही गेले, गोव्याच्या इतिहासाच्या अभ्यासकांना ही हानी आजही जाणवत असणार.

पुनर्बांधणी केली ती पुढे मार्क्विस ऑफ पोंबाल म्हणून ओळखल्या गेलेल्या मंत्र्याने. आजच्या बायशा भागातील सरळ, काटकोनात छेदणारे रस्ते ही त्याची देणगी. मला त्याहून थोर वाटतो तो घरांच्या भिंतींत दडवलेला लाकडी सांगाडा. भूकंपाचे हादरे सोसण्यासाठी योजलेल्या या रचनेचा नमुना बांधून त्याभोवती सैनिकांना पावले आपटत चालायला लावले आणि तो टिकतो का हे पाहिले, असे सांगतात. राजा पहिला जोझे मात्र इतका धास्तावला होता, की त्याने पुढे दगडी वाड्यात राहणेच टाळले आणि आजुदाच्या टेकडीवरील लाकडी निवासात दिवस काढले.

बेलेंचा जेरोनिमोस मठ त्या भूकंपातून बराचसा बचावला. त्याच्या बांधकामाचा मोठा खर्च आफ्रिका आणि पूर्वेकडील व्यापारावरील करातून भागवला गेला. मठाच्या चर्चमध्ये वास्को द गामाची कबर आहे. तो १५२४ मध्ये कोचीला वारला आणि आधी तिथेच पुरला गेला. अस्थी पोर्तुगालला नंतर आल्या, आणि या मठात तर एकोणिसाव्या शतकात.