चौथी फाइल

गेल्या पावसाळ्यात एक बाई आमच्या काउंटरवर आल्या. ओली छत्री कुठे ठेवावी ते कळेना म्हणून ती हातातच धरून त्यांनी विचारलं, "माझ्या वडिलांचा प्रबंध इथे असेल का हो? पीएच.डी.चा. १९८४चा असावा." वडील जाऊन वर्ष होत आलं होतं. घरची प्रत वाळवीनं खाल्ली होती.

मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात प्रबंध विभागात आहे. जुने प्रबंध स्कॅन करायचे, त्यांची माहिती भरायची, डिजिटल संग्रहात चढवायचे, हे अकरा वर्षं चाललंय. त्यामुळे मी जरा ऐटीतच म्हटलं, "नाव सांगा, दोन मिनिटांत काढते."

दोन मिनिटं गेली, वीस गेली. पूर्ण नाव टाकलं, काही नाही. नुसतं आडनाव टाकलं तर पाटलांची जत्राच. विषय विचारला. त्या म्हणाल्या, "जात्यावरच्या ओव्या." आता 'जात्यावरच्या' हा शब्द इंग्रजी अक्षरांत चार जण चार तऱ्हांनी लिहितील. कुणी मधे दोन 'ए' घालील, कुणी तीन. सुरुवातीच्या काळात आम्ही मराठी प्रबंधांची नावंसुद्धा इंग्रजी अक्षरांतच भरायचो, कारण कुणीतरी तसं सांगितलं होतं. चारही तऱ्हा करून पाहिल्या. संग्रह म्हणतो, असा प्रबंध नाही.

शेवटी मामांना हाक मारली. मामा म्हणजे आमचे शिपाई, माझ्याहून दहा वर्षं आधीपासून इथे आहेत. "मामा, चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीचं दाखल रजिस्टर." त्यांनी ते लाल कापडी बांधणीचं धूड आणून टेबलावर आदळलं आणि म्हणाले, "मॅडम, कॉम्प्युटर झोपला का?" मी काही बोलले नाही.

रजिस्टरात तो पाच मिनिटांत सापडला. नेटकं निळ्या शाईतलं अक्षर, प्रबंधाचा क्रमांक, पानं ४१२, किमतीच्या रकान्यात 'भेट', आणि शेवटी शेऱ्यात काहीतरी बारीक लिहिलेलं. त्या शेऱ्याकडे मी तेव्हा लक्ष दिलं नाही. क्रमांक टाकल्याबरोबर पडद्यावर नोंद आली. लेखक: पाटील, एस. आर. नोंद कुणी भरली: माझंच लॉगिन. नोकरीच्या पहिल्या वर्षी, दिवसाला चाळीस नोंदींचा कोटा असताना, मुखपृष्ठावर 'स. रा.' दिसलं तेवढंच भरून मी मोकळी झाले होते. आतल्या प्रमाणपत्रावर पूर्ण नाव होतं, पण ते पान उलटायला वेळ कुणाला होता? शीर्षकात 'ओव्या'चं स्पेलिंगही माझंच, त्यात 'व्ही'ऐवजी 'डब्ल्यू'.

थोडक्यात, प्रबंध सुरक्षित होता. फक्त तो कुणालाही, कधीही सापडला नसता.

नवीन मुलं डेटा एन्ट्रीला आली की मी त्यांना पहिल्या दिवशी आनंदीबाई जोशींचा फोटो दाखवते. तो सगळ्यांनी पाहिलेला असतो: १८८५, फिलाडेल्फिया, पेनसिल्व्हेनियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेजमधल्या तीन विद्यार्थिनी, साडीतल्या आनंदीबाई, किमोनोतल्या केइ ओकामी आणि दमास्कसच्या साबात इस्लामबुली. मग त्यांना विचारते, खाली काय छापलंय ते वाचा. आनंदीबाईंच्या नावात 'आनंदी'चं 'आनंदा' झालंय आणि जोशीच्या शेवटी दोन 'ई'. गाव 'सेरानिसोर'. असलं गाव पृथ्वीवर नाही. ते बंगालमधलं सेरामपूर, गोपाळराव तिथे पोस्टखात्यात नोकरीला होते. साबातच्या नावाला तर 'एस'च्या जागी 'टी' लागलाय. आणि तिघींनाही 'डॉक्टर' म्हटलंय, जेव्हा फोटोच्या वेळी तिघींपैकी एकीच्याही हातात डिग्री नव्हती. आनंदीबाईंना ती मार्च १८८६मध्ये मिळाली, बाकी दोघींना त्यानंतर काही वर्षांनी. म्हणजे ओळ नंतर कुणीतरी घातली. आमच्यासारख्याच कुणीतरी, कोटा पुरा करताना.

पण मला त्या कॉलेजचा हेवा वाटतो तो वेगळ्या कारणानं. ते कॉलेज १८५०मध्ये निघालं, पुढे त्याचं नाव बदललं, दुसऱ्यात विलीन झालं, आणि शेवटी सगळं ड्रेक्सेल विद्यापीठाकडे गेलं. एवढ्या उलथापालथीत कागद टिकले. आनंदीबाईंचा १८८६चा हस्तलिखित प्रबंध आहे, हिंदू समाजातल्या प्रसूतिशास्त्रावरचा. ते एक वेळ समजू शकतं, प्रबंध कुणीही ठेवेल. पण १८८३चं त्यांचं प्रवेशासाठीचं पत्रही आहे. अठरा वर्षांची मुलगी इंग्रजीत लिहिते की माझ्या देशातल्या बायका पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतील. हे पत्र म्हणजे कॉलेजच्या दृष्टीनं काय? ॲडमिशनचा एक अर्ज. आपल्याकडे ॲडमिशनचे अर्ज किती वर्षं ठेवायचे याचा नियम असतो, आणि तो नियम शेवटी रद्दीवाल्याकडे जातो.

आता प्रबंधांकडे येते. २००९च्या यूजीसीच्या नियमांपासून पीएच.डी.चा प्रबंध इलेक्ट्रॉनिक रूपात देणं बंधनकारक झालं आणि गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या यूजीसीच्या केंद्राचं 'शोधगंगा', म्हणजे देशभरातल्या प्रबंधांचं ऑनलाइन भांडार, भरू लागलं. ते ज्या डीस्पेस या प्रणालीवर चालतं ती एमआयटी आणि एचपीनं मिळून २००२मध्ये आणली. तीच आम्हीही वापरतो. शोधगंगेत प्रबंध अखंड चढत नाही. त्याचे तुकडे करावे लागतात, प्रत्येकाला क्रमांक. जुन्या पद्धतीत ते असे होते: ०१ टायटल, ०२ सर्टिफिकेट, ०३ डिक्लरेशन, ०४ ॲक्नॉलेजमेंट, मग अनुक्रमणिका, मग प्रकरणं, आणि सगळ्यात शेवटी एकदम उडी मारून ८० रेकमेंडेशन. ही ८० कुठून आली ते मला विचारू नका.

मला या सगळ्यात चौथी फाइल आवडते. ऋणनिर्देश. प्रबंधात बाकी सगळं मार्गदर्शकाच्या नजरेखालून गेलेलं असतं, एवढंच एक पान माणसाचं स्वतःचं असतं. टायपिस्टचं नाव तिथे मिळतं. कुठल्या गावात कुणाच्या ओसरीवर राहिलो ते मिळतं. 'माझ्या थोरल्या बंधूंनी बैल विकला' असं एका पानावर वाचलंय मी. गेल्या काही वर्षांत मात्र बरीच पानं एकसारखी व्हायला लागलीत. कुणीतरी कुणाचं तरी उचलून नुसती नावं बदलतं, आणि साहित्यचोरी शोधणारं सॉफ्टवेअर ऋणनिर्देश तपासत नाही हे मुलांना पक्कं ठाऊक असतं.

आणखी एक दुखणं सांगते, कारण ते बाहेर कुणाला माहीत नसतं. साधारण १९९५ ते २०१०च्या मधले मराठी प्रबंध कॉम्प्युटरवरच टाइप झालेले, म्हणजे ते शोधायला सगळ्यात सोपे असावेत. तेच सगळ्यात अवघड आहेत. युनिकोड अजून रुळलं नव्हतं, होते श्रीलिपी आणि कृतिदेव हे जुने फाँट. कृतिदेवमध्ये 'मराठी' दिसतं, पण फाइलच्या पोटात खरी अक्षरं असतात ई, जे, के, बी, एच. पडद्यावर सुंदर देवनागरी, शोधायला गेलात तर खिचडी. १९७२चा रेमिंग्टनवर टाइप केलेला प्रबंध त्यापेक्षा बरा, त्याचं चित्र काढून ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर, तरी चालवता येतं. फक्त कार्बनची तिसरी प्रत हाताशी असली की ओसीआर 'भ' आणि 'म'मध्ये आपल्या मनाला येईल ते घेतं.

आणि संग्रह म्हणजे फक्त प्रबंध नव्हेत. पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटनं १९३५मध्ये मुंबई इलाख्यातल्या सहा जिल्ह्यांतल्या मोटार बस वाहतुकीची पाहणी छापली, धनंजयराव गाडगीळ आणि गोगटे यांनी केलेली. एसटी सुरू व्हायच्या तेरा वर्षं आधीची. असली पाहणी कुणी वाचत असेल असं वाटत नाही, पण एकदा एक कादंबरी लिहिणारा मुलगा नेमकं हेच शोधत आला होता, त्याला नायकाला १९३४मध्ये साताऱ्याहून बसनं न्यायचं होतं. मी त्याला गोखलेचा रस्ता दाखवला. आमच्याकडे असलं काही नाही. आमच्याकडे होतं ते वेगळं: वार्षिक अंक, गॅदरिंगचे फोटो, वसतिगृहाच्या मेसचे हिशेब, निवडणुकीची पत्रकं. 'होतं' म्हणतेय, कारण एका सुट्टीत खोली रिकामी करायची म्हणून त्यातलं बरंचसं वजनावर गेलं. मी रजेवर होते. परत आले तेव्हा मामांनी त्यांच्या कपाटातून वार्षिक अंकांचे नऊ जाड गठ्ठे काढून दिले. "हे मी बाजूला ठेवले. यात पोरांचे फोटो आहेत." मेसच्या वह्या मात्र गेल्या. सत्तरच्या दशकात ज्वारी काय भावानं घेतली जायची, दुष्काळात ताटातलं काय कमी झालं, सगळं तारखेनिशी होतं त्यांत. अर्थशास्त्राच्या कुणाला त्यावर आख्खा प्रबंध लिहिता आला असता, आणि आम्ही तो टायटलपासून ८० नंबरपर्यंत कापून चढवलाही असता.

तर त्या बाई. प्रबंध काढून दिला. त्यांनी ओव्यांचं प्रकरण उघडलं नाही, सरळ ऋणनिर्देशावर गेल्या. उभ्याउभ्याच वाचलं. मग म्हणाल्या, "आईचं नाव चुकलंय यात. माहेरचं लिहिलंय." थोडा वेळ हसल्या. त्या पानाची झेरॉक्स मागितली, एकाच पानाची. मी त्यांना परिशिष्टही दाखवलं: ओव्या सांगणाऱ्या बायकांची यादी, नाव, गाव, वय. वयाच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी 'सुमारे' आणि एका ठिकाणी 'दुष्काळाच्या साली लग्न'. शेवटच्या पानावर तळाला ओळ होती: सोबत ध्वनिफिती ३.

तेव्हा मला रजिस्टरातला तो बारीक शेरा आठवला. तिथेही तेच होतं, '३ कॅसेट'.

प्रबंधाबरोबर कॅसेट आल्या तर त्या ठेवायच्या कुठे याला आमच्याकडे कधी उत्तरच नव्हतं. फळीवर पुस्तकात बसत नाहीत, नकाशांच्या खणात जात नाहीत. दोन दिवस मी आणि मामांनी शोधल्या. शेवटी जुन्या मायक्रोफिल्म रीडरच्या खालच्या कप्प्यात, बंद पडलेल्या शिक्क्यांच्या डब्यात, दोन मिळाल्या. तिसरी नाहीच. एकीच्या फितीवर पांढरी बुरशी आलेली, दुसरी दिसायला ठीक, पण वाजवायला विद्यापीठभर एक चालू टेपरेकॉर्डर मिळेना. भाषा विभागात एक होता, त्याचा पट्टा तुटलेला.

बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, आमच्याकडे बाबांचाच टेप आहे, चालतो. पण ग्रंथालयाची वस्तू बाहेर द्यायला परवानगी लागते, तो अर्ज अजून वर आहे. तोवर मी निदान नोंद तरी नीट करायला बसले. लेखकाचं पूर्ण नाव, देवनागरीत. इंग्रजीत तीन वेगवेगळी स्पेलिंगं, पर्यायी नावांच्या रकान्यात. शीर्षक देवनागरीत. शोधशब्द: ओवी, ओव्या, जातं, जात्यावरची गाणी. मग कॅसेटची वेगळी नोंद केली आणि चांगल्या कॅसेटच्या कव्हरवर पेन्सिलीनं जे लिहिलं होतं ते वर्णनाच्या रकान्यात जसंच्या तसं उतरवून घेतलं.

बाजू अ: सकाळचं दळण, तिघी. बाजू ब: पाऊस आला, आवाज नीट नाही.