पोट फुगलं की आळ मसाल्यावर

जेवण झाल्यावर तासाभरात पॅन्टचं बटण टोचायला लागलं की माणूस लगेच ताटातले आरोपी शोधायला लागतो, आणि त्यात पहिला नंबर ठरलेला, मसाला! मग कडधान्यं, मग "आज जरा उशिराच जेवलो ना", आणि मीठ मात्र या यादीत कधीच नसतं, ते बिचारं उजळ माथ्याने फिरतं. २०१९ साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी रक्तदाबाच्या एका जुन्या प्रयोगातला डेटा पुन्हा काढून बघितला, तर तीच माणसं जास्त मिठाचं जेवत होती तेव्हा पोट फुगल्याची तक्रार कमी मिठाच्या जेवणापेक्षा साधारण २७ टक्क्यांनी जास्त होती. म्हणजे आपण मिरचीला शिव्या घालत बसायचं आणि पाकिटातले खारट वेफर्स खातच राहायचे, चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

आता मिरची अगदीच संन्यासी आहे असं नाही हां. पण तिच्यावरचा आरोप चुकीचा आहे. मिरचीतलं कॅप्सेसिन गॅस तयार करत नाही, ते आतड्यातल्या नसांना डिवचतं, त्यामुळे ज्याचं पोट मुळातच हळवं त्याला तेवढ्याच गॅसने नको नको होतं आणि शेजारी बसलेल्याला काही कळतसुद्धा नाही. पोट फुगल्यासारखं वाटणं आणि पोटात खरंच जास्त गॅस असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला फार उशिरा कळलं.

खरा कारभार कांदा-लसणाचा. त्यात फ्रुक्टान नावाची साखरेची साखळी असते, ती तोडायची सोय कुणाच्याच लहान आतड्यात नाही, ती तशीच मोठ्या आतड्यात जाते आणि तिथले जीवाणू तिच्यावर ताव मारतात आणि गॅस सोडतात. ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाच्या लोकांनी अशा सगळ्या आंबणाऱ्या साखरांची मोट बांधून २००५ मध्ये तिला फॉडमॅप असं नाव दिलं. यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे फ्रुक्टान पाण्यात विरघळतं, तेलात नाही. म्हणून लसणाच्या पाकळ्या मंद आचेवर तेलात टाकायच्या, आधी भोवती बारीक बुडबुडे येतात, मग ते कमी होत जातात, कडा बदामी होतात आणि घरभर वास सुटतो, तेवढ्यात पाकळ्या झाऱ्याने उचलून बाजूला. लसणाचा स्वाद तेलात राहिला, त्रास देणारा माल पाकळ्यांबरोबर बाहेर. पण हे पाणी पडायच्या आत हं! रस्सा उकळल्यावर पाकळ्या वेचून काढण्यात काही अर्थ नाही, जे उतरायचं ते तोवर पाण्यात उतरलेलं असतं.

कडधान्यांचीही तीच तऱ्हा, फक्त साखरांची नावं वेगळी, रॅफिनोज आणि स्टॅकिओज. त्या तोडणारं एन्झाइम आपल्या लहान आतड्यात नाहीच, त्यामुळे इथेही जीवाणूंची चंगळ. पण याही पाण्यात उतरतात, म्हणून रात्रभर भिजवलेल्या दाण्यांवर सकाळी जे गढूळ, वर थोडा फेस आलेलं पाणी असतं ते सरळ ओतून द्यायचं आणि नव्या पाण्यात शिजवायचं. मग वरून चिमूटभर हिंग, आणि पोट हलकं राहिलं की सगळे "हिंगामुळे हो!" म्हणून मोकळे. हिंगावर माझा राग नाही, कांदा-लसूण सोडलेल्यांना तर त्याचाच आधार, पण मला विचाराल तर त्याच्या श्रेयातलं निम्मं तरी त्या ओतून दिलेल्या पाण्याचं आहे. आणि डबीतला हिंग बहुतेक वेळा पीठ आणि डिंक मिसळलेला असतो, ज्यांना गहू चालतच नाही त्यांनी लेबल वाचावं. बाकी कडधान्यं रोज थोडी थोडी खाल्ली की काही आठवड्यांत बऱ्याच जणांचं पोट रुळतं, महिन्यातून एकदा वाडगाभर हाणणाऱ्यांचे मात्र हाल होतात.

पुदिन्याचं प्रकरण अजून मजेशीर आहे. त्यातला मेन्थॉल आतड्याचे स्नायू सैल करतो, त्यामुळे मुरडा कमी होतो, पण जठराच्या तोंडाशी अन्ननलिकेची जी झडप असते तीही तो सैल करतो, म्हणजे ज्यांना आधीच घशाशी जळजळतं त्यांनी पुदिन्याचा चहा पिऊन बरं वाटायची वाट बघू नये.

आणि एवढं सगळं सांभाळून लोक जेवणानंतर काय करतात, तर शुगरफ्री च्युइंग गम चघळतात, त्यात बऱ्याचदा सॉर्बिटॉल असतं, तेसुद्धा त्याच फॉडमॅपच्या टोळीतलं, वर चघळताना हवा गिळली जाते ती वेगळीच. नाहीतर सोड्याची बाटली फोडतात, दोन घोट घेतात, मोठा ढेकर देतात आणि "आत्ता कुठे मोकळं वाटलं" म्हणतात. मोठ्या आतड्यात झालेला गॅस काही ढेकरातून वर येत नाही, तो जो येतो ना, तो बहुतेक त्याच बाटलीतला असतो.