विसांतला आपला उपग्रह कोणता?

२२ जून २०१६ रोजी सकाळी ९ वाजून २६ मिनिटांनी पीएसएलव्ही-सी३४ श्रीहरिकोट्याहून सुटलं. कार्टोसॅट-२ मालिकेतला एक मोठा उपग्रह आणि त्याच्या सोबतीला आणखी १९. त्यातला एक पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांचा ‘स्वयम्’, साधारण दहा सेंटिमीटर बाजूचा, किलोभर वजनाचा. अशा सामायिक उड्डाणानंतर कक्षेचे आकडे, म्हणजे टीएलई, लवकरच जाहीर होतात. पण सुरुवातीला त्यांवर नावाऐवजी ‘ऑब्जेक्ट ए’, ‘ऑब्जेक्ट बी’ अशी अक्षरंच असतात. आपला कोणता, हे त्याचा रेडिओ सिग्नल ऐकून आपणच शोधायचं. त्याला महागडी अँटेना लागत नाही, बरोबर लावलेलं घड्याळ लागतं. लोक नेमकं उलट करतात.

आधी कधी ऐकायचं ते. ५०५ किलोमीटर उंची आणि विषुववृत्ताशी ९७.४८ अंशांचा कल असलेली ही कक्षा सूर्याशी जुळवलेली आहे: तिचं प्रतल दिवसाला जवळजवळ एक अंश पूर्वेकडे सरकतं, म्हणून उपग्रह रोज ठरलेल्या स्थानिक वेळीच विषुववृत्त ओलांडतो. या उड्डाणात ती वेळ सकाळी साडेनवाच्या सुमारास, उत्तरेकडून दक्षिणेकडे जाताना. पुण्याचं रेखांश ७४ अंशांच्या जवळ, म्हणजे स्थानिक वेळ घड्याळापेक्षा सुमारे ३५ मिनिटं मागे. त्यात पुणे विषुववृत्तापासून साडेअठरा अंश उत्तरेला आणि कक्षा तिरकी, म्हणून आणखी दहा मिनिटं. डोक्यावरची सकाळची फेरी सव्वादहाच्या आसपास येते, ती अशी. रात्रीची दहाच्या जरा आधी, दक्षिणेकडून उत्तरेकडे. ज्या दिवशी डोक्यावरून फेरी नसते त्या दिवशी एक पूर्वेला पाऊण तास आधी आणि एक पश्चिमेला पाऊण तास नंतर, आणि दोन्ही क्षितिजापासून साधारण १५ अंशच वर. शहरातल्या गच्चीवरून त्यांच्या नादी न लागलेलंच बरं.

सगळ्यात मोठ्या फेरीतही उपग्रह ११-१२ मिनिटंच दिसतो. क्षितिजावर तो अडीच हजार किलोमीटर लांब असतो, डोक्यावर पाचशे. नुसत्या अंतरामुळे सिग्नलमध्ये १४ डेसिबलचा फरक पडतो. हातात धरायची पाच-सात काड्यांची यागी अँटेना पुरते. सिग्नल वाढवणारा अ‍ॅम्प्लिफायर मात्र अँटेनाच्या बुडाशी लावा. दहा मीटर आरजी-५८ केबल उपग्रहाच्या ४३७ मेगाहर्ट्झच्या सिग्नलमधले साडेतीन-चार डेसिबल खाते, आणि ते नुकसान रेडिओजवळ लावलेल्या अ‍ॅम्प्लिफायरने भरून निघत नाही. मोबाइल टॉवर समोरच असेल तर अ‍ॅम्प्लिफायरच्याही आधी फिल्टर हवा. सिग्नल मधूनच बसतो आणि परत येतो तो उपग्रह फिरतो म्हणून. यागी उपग्रहाकडेच रोखून, तिच्या दांड्याभोवती मनगटाने ९० अंश वळवून पाहा.

आता डॉप्लर, म्हणजे उपग्रहाच्या वेगामुळे वारंवारतेत पडणारा फरक. ४३७ मेगाहर्ट्झवर या उंचीचा उपग्रह उगवताना सुमारे १०.३ किलोहर्ट्झ वर ऐकू येतो, मावळताना तेवढाच खाली. स्वस्त एसडीआर डोंगलचा (संगणकाला जोडायच्या छोट्या रेडिओचा) स्फटिक २० पीपीएम, म्हणजे दहा लाखांत २० भाग, चुकलेला असेल तर तीच चूक पावणेनऊ किलोहर्ट्झ होते. ‘काहीच ऐकू आलं नाही’ अशा तक्रारींपैकी बऱ्याच इथे संपतात: सिग्नल असतो, शेजारी असतो. टीसीएक्सओवालं, म्हणजे तापमानाने फारसा न हलणाऱ्या स्फटिकाचं, डोंगल घ्या आणि फेरीआधी अर्धा तास चालू ठेवून तापू द्या.

ओळख पटवण्यासाठी रेकॉर्डिंग करताना डॉप्लरची दुरुस्ती बंद ठेवा. सेकंदाला २५० हजार सॅम्पल्सच्या दराने कच्चं आयक्यू, म्हणजे डोंगलकडून येणारा प्रक्रिया न केलेला सिग्नल, साठवा. बारा मिनिटांची फाइल ३६० एमबीच्या घरात जाते. मधली वारंवारता ५० किलोहर्ट्झ बाजूला ठेवा, नाहीतर डोंगल स्वतःच मधोमध उमटवतं तो खोटा खुंटा नेमका सिग्नलवर बसतो. मग वॉटरफॉलमध्ये, म्हणजे वेळेनुसार वारंवारता दाखवणाऱ्या चित्रात, आडव्या ताणलेल्या ‘एस’सारखी रेघ दिसेल. ती जिथे सर्वात जास्त तिरकी होते तो क्षण म्हणजे उपग्रह सर्वात जवळ असल्याचा. स्फटिक चुकला असेल तर अख्खी रेघ वर किंवा खाली सरकते, पण हा क्षण जागचा हलत नाही. घड्याळ चुकलं तर मात्र नेमका हाच चुकतो. लॅपटॉप दोन-चार सेकंद पुढेमागे असणं नेहमीचंच. फेरीआधी एनटीपीने, म्हणजे इंटरनेटवरच्या अचूक वेळेशी, जुळवून घ्या. रेकॉर्डिंगची वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, ठेवा, कारण टीएलईतला दिवसही यूटीसीतला असतो: १६१७४ म्हणजे २०१६ सालचा १७४वा दिवस, २२ जून.

डोक्यावरच्या फेरीत या क्षणी वारंवारता सेकंदाला सुमारे १६० हर्ट्झने घसरते, त्यामुळे तो सेकंदभराच्या आत पकडता येतो. १५ अंशांच्या फेरीत घसरण एक तृतीयांश होते आणि रेघ इतकी सपाट की क्षण ठरवायला डोळे दुखतात.

हा क्षण प्रत्येक उमेदवार टीएलईने सांगितलेल्या क्षणाशी ताडून पाहा. जीप्रेडिक्ट या उपग्रहांच्या फेऱ्या सांगणाऱ्या प्रोग्रॅममध्ये सगळे एकत्र टाकता येतात. पहिल्या दिवशी घाई करू नका. रॉकेटपासून सुटताना उपग्रहांच्या वेगात कक्षेच्या दिशेने सेकंदाला एक मीटर फरक असेल, तर एका दिवसात त्यांच्यात सुमारे २६० किलोमीटर अंतर पडतं, म्हणजे ३४ सेकंद. तिसऱ्या दिवशी शेजारी मिनिटभर लांब गेलेले असतात आणि एक सोडून बाकीचे उमेदवार आपोआप गळतात. तरी दोन वेगवेगळ्या दिवशी तोच आकडा जुळल्याशिवाय नाव लावू नका. नुकत्या सुटलेल्या घोळक्यात टीएलईच एकमेकांत अदलाबदल झालेले असतात.

नाव ठरल्यावर टीएलई ताजं ठेवणं एवढंच उरतं. शांत सूर्य असताना आठवड्याभराचं जुनं काही सेकंद चुकतं. मे २०२४सारखं सौर वादळ आलं की वातावरण फुगतं, ओढ वाढते, आणि कालचं टीएलईसुद्धा भरवशाचं राहत नाही. इंजिन नसलेला उपग्रह हळूहळू खाली येतोच. तो ५० किलोमीटर खाली आला की प्रतल अडीच टक्के जलद सरकतं आणि नुसत्या उंचीच्या फरकामुळे ओलांडण्याची वेळ वर्षाला अर्ध्या तासाहून जास्त पुढे जाते. सव्वादहाचा हिशेब तेव्हा नव्याने करावा लागतो.