खालची अक्कलदाढ काढली, माझा अनुभव

दोन वर्षं टाळत होते मी. उजवीकडची खालची अक्कलदाढ, अर्धी वर आलेली अर्धी हिरडीखाली, दर तीन-चार महिन्यांनी मागची हिरडी सुजायची, तोंड उघडेना, गिळताना कानापर्यंत कळ जायची, मग पाच दिवस गोळ्या की सगळं शांत. शांत झालं की मी पण दवाखान्याचं नाव काढायची नाही. यंदा गौरीजेवणाच्या दिवशी पुरणपोळीचा घास तोंडात जाईना तेव्हा म्हटलं आता बास.

डॉक्टरांनी आधी पूर्ण जबड्याचा एक्सरे मागितला, ओपीजी म्हणतात, मशीन डोक्याभोवती फिरतं, लगेच होतं. त्यात दिसलं की दाढ सरळ नाहीच, पुढच्या दाढेवर तिरकी रेललेली, आणि मधल्या फटीत अन्न अडकून अडकून ती पुढची चांगली दाढ पण किडायला लागलेली. हे मला फार लागलं. जी दाढ म्हातारपणापर्यंत चावायला हवी ती माझ्या टाळाटाळीने खराब होत होती! म्हणून सांगते, तिरकी असेल तर गोळ्यांवर दिवस ढकलू नका.

खालच्या जबड्यातून ओठाकडे जाणारी एक नस असते, मुळं तिच्या किती जवळ आहेत तेही एक्सरेत बघतात. सही करायच्या कागदावर लिहिलेलं होतं की ओठ किंवा हनुवटी काही दिवस बधिर राहू शकते, क्वचित कायमची. ते वाचून पोटात गोळा आला, पण डॉक्टरांनी एक्सरे समोर धरून माझी नस लांब आहे हे दाखवलं. तुम्ही पण विचाराच, लाजू नका. बीपी, शुगर, ऍलर्जी, रक्त पातळ करायची गोळी, सगळं आधी सांगायचं, आणि ती गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही.

सूज होती म्हणून त्या दिवशी काढली नाही, सुजेत भूल नीट चढत नाही म्हणे. आठवड्यानंतरची तारीख दिली. तेवढ्यात सासूबाईंनी काळजीने सांगितलं की दाढ काढली की नजर अधू होते. मी डॉक्टरांना विचारलं तर म्हणाल्या डोळ्याने दिसायची नस वेगळी, दाताची वेगळी, काही संबंध नाही. सासूबाईंची स्वतःची वरची दाढ किती दिवस दुखतेय, या भीतीपोटीच त्या काढत नव्हत्या हे मला तेव्हा कळलं.

नुसती जागेवरची भूल असेल तर उपाशी जायचं नसतं, मी वरणभात जेवून गेले. इंजेक्शन पार मागे देतात, टोचतं, पण दहा-पंधरा सेकंद. लगेच छाती धडधडायला लागली, मी घाबरून हात धरला तर डॉक्टर म्हणाल्या औषधात ऍड्रिनलिन असतं, रक्त कमी यावं आणि भूल टिकावी म्हणून, आत्ता जाईल. आणि गेलीच. मग अर्धा ओठ जड झाला, बोट लावून बघितलं तर बोटाला ओठ लागत होता पण ओठाला बोट लागत नव्हतं.

त्यानंतर दुखलं नाही, खरंच. पण दाब खूप येतो, आणि आवाज. हिरडीला छेद, मग ड्रिलने दाढेचे दोन तुकडे, पाण्याचा फवारा, आणि मध्येच कट्ट असा आवाज थेट कवटीत. हा आवाज येणार हे मला आधीच सांगितलं असतं तर मी एवढी दचकले नसते. एकदा कळ आली, ठरल्याप्रमाणे डावा हात वर केला, लगेच आणखी भूल दिली. सहन करत बसू नका, हात वर करा. पाऊण तासात सगळं झालं, तीन टाके, काळा धागा. स्टीलच्या ट्रेमध्ये दोन तुकडे ठेवलेले, एका मुळाचं टोक आकड्यासारखं वळलेलं.

खरं काम घरी आल्यावर असतं. तासभर गॉजचा बोळा घट्ट चावून ठेवायचा आणि थुंकायचं नाही. लाळ लालसर येते, सारखं थुंकावंसं वाटतं, तरी गिळायची. कारण खड्ड्यात रक्ताची गुठळी बसते ना, तीच आतल्या हाडाचं झाकण, थुंकून, चूळ भरून किंवा स्ट्रॉने ओढून ती निघाली की हाड उघडं पडतं. त्याला ड्राय सॉकेट म्हणतात. माझ्या भावाला झालं होतं, दुसऱ्याच दिवशी तंबाखू लावली त्याने, चौथ्या दिवशी रात्री कानशील धरून येरझाऱ्या घालत होता, कुठल्या गोळीने थांबेना, शेवटी डॉक्टरांनी औषधाची पट्टी भरली तेव्हा झोपला. ते बघितलं होतं म्हणून मी फार जपलं.

पहिला दिवस बाहेरून बर्फ, गार ताकभात, आंबील. चोवीस तासांनी कोमट मिठाचं पाणी, खळखळून नाही, तोंडात धरून मान कलती करायची आणि आपोआप पडू द्यायचं. सूज तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त होती, तोंड दोन बोटंच उघडत होतं, मला वाटलं काहीतरी बिघडलं, फोन केला तर हे असंच असतं म्हणाल्या, उद्यापासून उतरेल. उतरली. मात्र ताप आला, दाबून धरूनही रक्त थांबेना, किंवा कमी होत आलेलं दुखणं तीन-चार दिवसांनी उलट वाढलं, तर थांबायचं नाही, दवाखाना गाठायचा.

सातव्या दिवशी टाके काढले, नुसतं चिमटल्यासारखं झालं. खड्ड्यात अजून भाताचं शीत अडकतं, जेवण झालं की पाणी फिरवते, पूर्ण भरायला काही महिने लागतात म्हणे. पुढच्या दाढेत सिमेंट भरून झालं. सासूबाई सोमवारी माझ्याबरोबर येणार आहेत त्यांची दाढ दाखवायला, आणि माझी डावीकडची पण तशीच तिरकी आहे, तिची दिवाळीनंतरची तारीख घेऊन ठेवलीये.