पिंपळावरचा पोरगा

लहानपणी आज्जीचं एकच पालुपद असायचं, "तिन्हीसांजंचं पिंपळाखालनं जाऊ नगंस. गेलीसच तर वर बघू नगंस." मी हमखास वर बघायचे. पानं सळसळायची आणि मला भीतीपेक्षा वाईट जास्त वाटायचं. कारण मुंजा म्हणजे कोण, हेही आज्जीनंच सांगितलं होतं. मुंज झालेला, पण सोडमुंज आणि लग्न व्हायच्या आधीच गेलेला पोरगा. कुणाच्या तरी घरचं पोरच की ते!

गेली दोन वर्षं मी त्याच्यावर कादंबरी लिहितेय. उद्यमनगरात एका फाउंड्रीचे हिशेब बघते. दुपारी डबा झाला की उरलेल्या वीस मिनिटांत एखादं पान होतं. गोष्ट प्रेमाची आहे, कोल्हापुरातली सतरा वर्षांची एक मुलगी आणि मुंजा यांची.

कॉलेजात असताना रक्तपिपासूंच्या प्रेमकथा मी रात्र रात्र जागून वाचल्या. आजही वाचते, आणि त्यांनी मला खूप दिलंय. पण एक गोष्ट तेव्हापासून सलते. नायक दिसायला सतरा-अठराचा आणि जगलेला शंभर वर्षं. त्यानं सगळं बघितलेलं असतं, तिची मात्र बारावीसुद्धा व्हायची असते. हे प्रेम मला बरोबरीचं वाटत नाही. मुंजा तसा नाही. तो त्या वयातच अडकलेला असतो, म्हणून तर तो मुंजा. माझी नायिका दहा वर्षांची असताना तो तिला दादा वाटतो. सतराव्या वर्षी दोघं एका वयाची होतात. अठरावं लागलं की ती पुढं निघून जाणार आणि तो पारावरच राहणार. बरोबरीचं वर्ष एकच, आणि कादंबरी त्याच वर्षाची.

तो कधी गेला, हे ठरवायला मला सगळ्यात जास्त दिवस लागले. शेवटी 1899 घेतलं. मुंबईत 1896 साली आलेला प्लेग तोवर आपल्या संस्थानापर्यंत पोचला होता. वेदोक्ताचं प्रकरणही त्याच काळातलं. कार्तिकात पंचगंगेवर स्नानाला गेलेल्या शाहू महाराजांसाठी पुरोहितानं वेदोक्त, म्हणजे वेदांतले, मंत्र न म्हणता शूद्रांसाठीचे पुराणोक्त, म्हणजे पुराणांतले, म्हटले आणि सगळं कोल्हापूर पेटलं. कुणासाठी कुठले मंत्र म्हणायचे, यावरून गाव भांडत असताना हा मुलगा तापानं गेला. त्याची सोडमुंज राहूनच गेली.

माझ्या नायिकेच्या घरात मुंज करत नाहीत. आमच्याही नाही. करवीर नगर वाचन मंदिरात बसून मी विधीची पुस्तकं वाचली, तेव्हा कळलं की सोडमुंजीचं खरं नाव समावर्तन. समावर्तन म्हणजे परत फिरणं, शिकून झालं की गुरूच्या घरून आपल्या घरी जाणं. ते वाचून मी वही मिटून बसले. सव्वाशे वर्षं त्या पोराला घरी जायचंय! आणि ते मंत्र त्याच्यासाठी म्हणायला उभी राहते ती एक मुलगी, जिला त्या काळात ते ऐकूसुद्धा दिले नसते. तिनं म्हटले, तर तो सुटणार आणि तिला कायमचा दुरावणार. न म्हणावेत, तर आपण त्याला आपल्यासाठी अडकवून ठेवलं, हे तिला ठाऊक. प्रेमकथेला यापेक्षा मोठी आडकाठी मला बाहेरून आणायची गरजच पडली नाही.

मागच्या रविवारी पाच प्रकरणं आज्जीला वाचून दाखवली. ती डोळे मिटून ऐकत होती. मला वाटलं, झोपली. मग म्हणाली, "सगळं झालं, पर त्येला खायाला काय दिती ही? सतरा वर्साचं पोरगं, भूक लागत आसंल की."

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

काल रात्री तो प्रसंग लिहिला. उताऱ्यासारखा दहीभात ती ठेवत नाही. कॉलेजचा डबा पारावर उघडते, अर्धी भाकरी मोडून त्याच्यापुढं करते, वर खर्डा. पहिल्या घासाला त्याच्या डोळ्यांत पाणी येतं. ती घाबरून डबा मागं ओढते, तर तो म्हणतो, "असू दे. अजून आहे?"