आमची वाटचाल: एफ८ दाबलं की बिलच निघायला हवं

सांगलीत संगणक विकणारी दुकानं भरपूर आहेत. तरी मार्केट यार्डातल्या पेढ्यांवरून फोन आमच्याकडे येतात, आणि त्याचं कारण कीबोर्डाच्या वरच्या ओळीतली एफ१ ते एफ१२ ही बारा बटणं. नवख्या माणसाला हे सांगितलं की तो आधी हसतो.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी आम्ही मुंबईहून सुटे भाग आणून डेस्कटॉप जोडायला लागलो. गिऱ्हाईक ठरलेलं: हळद, गूळ, बेदाण्याचे अडते आणि त्यांचे दिवाणजी. टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर विंडोजवर आलं तरी यातल्या बहुतेकांचा माउस धूळ खात पडलेला असायचा. टॅलीत प्रत्येक प्रकारच्या नोंदीला एक बटण: एफ४ कॉन्ट्रा (रोख-बँक), एफ५ पेमेंट, एफ६ रिसीट, एफ७ जर्नल, एफ८ विक्री, एफ९ खरेदी. डाव्या हातात सौदापट्टी, नजर तिच्यावर, आणि उजवा हात न बघता बटणावर. टीव्हीएस गोल्डचा खटखट वाजणारा कीबोर्ड हवा म्हणून लोक अडून बसत. त्यात वरची बटणं चार-चारच्या तीन गटांत असतात, मध्ये फट असते. त्या फटीवरून बोटाला कळतं की दुसरा गट एफ८ला संपला.

ही बटणं कशासाठी, हे मुळात आयबीएमनंही ठरवलं नव्हतं. 1981च्या पीसीवर ती दहाच होती आणि डाव्या बाजूला दोन उभ्या रांगांत. पुढं ती वर गेली, बारा झाली. कोणतं बटण काय करणार ते ज्या-त्या प्रोग्रामनं ठरवायचं. म्हणून एफ७ टॅलीत जर्नल उघडतं आणि वर्डमध्ये स्पेलिंग तपासतं.

आमचा धंदा खरा फिरला तो लॅपटॉपमुळं. जुलै 2017मध्ये जीएसटी आला, रिटर्नांची धावपळ वाढली, आणि हिशेब पेढीवरून घरी, घरून सीएच्या ऑफिसात फिरायला लागले. नवा लॅपटॉप नेला की संध्याकाळच्या आत फोन. ‘‘अवो दादा, विक्रीचं बिल काढाय जातोय तर उजेडच कमी व्हायलाय!’’ मशीन बिघडलेलं नसायचं. कंपन्यांनी वरच्या ओळीला आवाज, उजेड, विमान मोड अशी कामं आधी दिली होती, आणि खरं एफ८ हवं असेल तर खालच्या ओळीतलं एफएन (Fn) बटण दाबून धरायचं. सिनेमा बघणाऱ्याला ते सोयीचं असेल. दिवसाला ढीगभर पट्ट्या मारणाऱ्याला नाही.

उपाय सोपा आहे, पण प्रत्येक मशीनचा वेगळा. बऱ्याच लेनोव्हो आणि डेलवर एफएन आणि एस्केप एकत्र दाबलं की एफएन लॉक होतं, मग एफएन न धरता एफ-बटणं चालतात. एचपीच्या पुष्कळ मॉडेलांत बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगांत जाऊन ‘ॲक्शन कीज मोड’ बंद करावा लागतो. हे विंडोजमधून का होत नाही, असं विचारतात. एफएनचं दाबणं बहुतेक लॅपटॉपांत कीबोर्ड सांभाळणारी चिपच गिळते, विंडोजपर्यंत ते पोचतच नाही. त्यामुळं बटणं बदलणारी सॉफ्टवेअरं तिथं हतबल असतात. आमच्याकडून जाणारा हिशेबाचा प्रत्येक लॅपटॉप आता ही ओळ सरळ करूनच जातो. फट नसलेल्या कीबोर्डावर एका हिशेबनीस ताईंनी एफ८वर नेलपॉलिशचा ठिपका दिला होता. ती युक्ती आम्ही उचलली.

हळदीच्या हंगामात कीबोर्ड उलटा करून झटकला की टेबल पिवळं होतं. बटणं मरतात, नेमकी जास्त वापराची. नवा कीबोर्ड येईपर्यंत शार्पकीज नावाच्या छोट्या प्रोग्रामनं इन्सर्टला एफ८ करून देतो. ते नाव फारसं कुणाला माहीत नाही, पण काम पक्कं. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांच्या वहीत, ‘स्कॅनकोड मॅप’ ही बटणांची अदलाबदल लिहून मोकळं होतं. एकदा रीस्टार्ट केलं की मागं कोणताही प्रोग्राम चालू ठेवायला नको. बटणं बदलायला मायक्रोसॉफ्टचं पॉवरटॉइजही आहे, दिसायला सुटसुटीत, पण ते चालू असेपर्यंतच बटणं बदललेली राहतात, आणि पासवर्डच्या पडद्यावर त्याचं काही चालत नाही.

2020च्या अखेरीला टॅलीची नवी आवृत्ती, टॅलीप्राइम आली. एफ४ ते एफ९ जागच्या जागी राहिली. क्रेडिट नोट (विकलेला माल परत आल्याची नोंद) मात्र कंट्रोल-एफ८वरून ऑल्ट-एफ६वर गेली, डेबिट नोट (घेतलेला माल परत केल्याची) कंट्रोल-एफ९वरून ऑल्ट-एफ५वर, आणि जुन्या जोड्यांवर सेल्स ऑर्डर, परचेस ऑर्डर येऊन बसल्या. जुने दिवाणजी म्हणाले, पहिल्यासारखं करून द्या. ऑटोहॉटकी या बटणांची कामं बदलणाऱ्या प्रोग्रामची दोन ओळींची स्क्रिप्ट लिहून ते करता येतं. माझा पुतण्या लगेच तयारही झाला. आम्ही नाही म्हणालो. पेढीवर माणसं बदलतात, आणि उद्याच्या मुलानं पडद्यावर लिहिलेलं बटण दाबल्यावर भलतंच उघडलं तर तो कुणाला विचारणार? दोन गिऱ्हाइकं त्यावरून तुटली. असू देत.

स्क्रिप्ट लिहायची पुतण्याची हौस छपाईवाल्यांकडं भागते. विंडोजला एफ१३ ते एफ२४ अशी बारा बटणं अजून ओळखता येतात, फक्त साध्या कीबोर्डावर ती नसतात. वेगळा छोटा पॅड लावून त्यावर ती बसवली की कोणत्याही प्रोग्रामच्या बटणांशी भांडण होत नाही. लग्नपत्रिकेचे ठरलेले मजकूर आणि मापं एकेका बटणावर. लग्नसराईत तो पॅड दुरुस्तीला आला तर प्रेसचा मालक आमच्या काउंटरवरच बसून राहतो.

आता नव्या लॅपटॉपांवर उजव्या बाजूला कोपायलटचं, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या एआय मदतनिसाचं बटण यायला लागलंय. आतून ते विंडोज-शिफ्ट-एफ२३ पाठवतं, म्हणजे पुन्हा आमच्याच गल्लीतलं. अनेक मॉडेलांत उजवा कंट्रोल त्यापायी गेलाय, आणि टॅलीत कंट्रोल आणि ए (A) दाबून व्हाउचर सेव्ह करणारे तक्रार घेऊन येतायत. त्यावर सध्या काम चालू आहे.

लॅपटॉप आमच्याकडून घेतलेला नसला तरी बटणं लावून देतो, त्याचे पैसे घेत नाही. फक्त हळदीचे सौदे चालू असताना दुपारनंतर या, सकाळी आम्ही यार्डात असतो.